घराशेजारचे मोठे झाड : पाडावे की उतरवावे?

नंदुरबार जिल्ह्यातील खेड्यांत अंगणात मोठे झाड नसलेले घर विरळाच. तापीकाठच्या शहादा, तळोदा व नंदुरबार या तालुक्यांत कडुनिंब व चिंच, नवापूरच्या बाजूस आंबा व जांभूळ, आणि सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या पाड्यांवर मोह व आंबा ही झाडे घराच्या अगदी लगत उभी असतात. यांतील पुष्कळ झाडे घराहून जुनी आहेत. झाड घराजवळ आले नाही; घर झाडाकडे सरकत गेले. कुडाच्या जागी विटांची भिंत आली, मागे एक खण वाढला, पुढे पत्र्याची पडवी निघाली, नळासाठी बुंध्याजवळून चर खणला गेला, आणि विजेची तार फांद्यांमधून ओढली गेली. अशा स्थितीत एखाद्या उन्हाळ्यात झाडाची मोठी फांदी कडाडून पत्र्यावर येते आणि ‘आता हे झाड काढलेच पाहिजे’ असे घरातील मंडळी ठरवितात.

चूक होते ती येथूनच. झाड काढावयाचे ठरले की लाकूड विकत घेणाऱ्यास निरोप जातो. तो येतो, बुंध्याचा घेर हाताने मापतो आणि ‘लाकूड आमचे, झाड फुकट पाडून देतो’ असे सांगतो. शेतकऱ्यास हा व्यवहार सोयीचा वाटतो, कारण खिशातून पैसा जात नाही. परंतु त्या माणसाची नजर खोडातील लाकडावर असते. घरावर, तारेवर वा वर चढणाऱ्या मजुरावर नसते. झाड काढणे आवश्यक आहे काय, हा प्रश्न तर तो विचारणारच नाही. कारण झाड राहिले तर त्याला काहीच मिळत नाही. यास्तव पहिला नियम असा की, झाडाची पाहणी, ते उतरविण्याची मजुरी आणि लाकडाची किंमत ही तीन कामे एकमेकांपासून वेगळी ठेवावीत. मजुरी रोख ठरवावी. लाकडाचा भाव, विकावयाचेच असल्यास, वेगळा ठरवावा.

झाडाकडे दुर्लक्ष करण्यात मोठा धोका असतो हेही तितकेच खरे आहे. अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातील पारस येथे ९ एप्रिल २०२३ रोजी सायंकाळी वादळी पाऊस झाला. बाबूजी महाराज मंदिराच्या आवारातील जुना, प्रचंड कडुनिंब त्यात उन्मळून शेजारच्या पत्र्याच्या शेडवर कोसळला. शेडखाली त्या वेळी सुमारे ३५ ते ४० माणसे होती. त्यांतील ७ जण मृत्युमुखी पडले आणि अनेक जखमी झाले. वळवाच्या वादळात माणूस पत्र्याखाली धावतो, आणि आपल्याकडे पत्रा बहुधा झाडाच्या सावलीतच घातलेला असतो. म्हणून मोठ्या झाडाची पाहणी होळीच्या सुमारास, म्हणजे वळवाची वादळे सुरू होण्यापूर्वी, दरवर्षी करावी. या पाहणीस खर्च नाही. अर्धा तास पुरतो.

पाहणी कशी करावी

पाहणी मुळापासून सुरू करावी, शेंड्यापासून नव्हे. झाड मुळासकट उन्मळण्यापूर्वी जमीन पुष्कळदा आगाऊ सूचना देते. झाड ज्या बाजूस कलले आहे त्याच्या विरुद्ध बाजूस जमिनीला अर्धवर्तुळाकार भेग पडली असेल किंवा माती फुगून वर आली असेल, तर मुळे सुटू लागली आहेत असे समजावे. कलणे जुने की नवे हेही पाहावे. लहानपणापासून कललेल्या झाडाचे खोड खाली वाकडे व वर सरळ होत गेलेले असते. असे झाड आधाराचे लाकूड वाढवून पिढ्यान् पिढ्या उभे राहते. परंतु गेल्या पावसाळ्यापर्यंत सरळ असलेले झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका रेषेत कलले असेल, तर त्याच्याखाली गुरे बांधू नयेत, खाट टाकू नये आणि निर्णयास उशीर लावू नये.

बुंध्याभोवती गेल्या पाच-सात वर्षांत काय काय खणले गेले ते आठवावे. बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेर लांबवर पसरतात. ‘जितके झाड वर, तितके मूळ खाली’ ही समजूत बरोबर नाही. एका बाजूने नळाचा चर आणि दुसऱ्या बाजूने घराचा पाया खणला गेला, तर झाडाचा अर्धा आधार गेलेला असतो आणि वर मात्र पाने हिरवीगार दिसतात. पाराभोवती सिमेंटची पक्की फरशी घातल्यानेही मुळांना हवा-पाणी मिळत नाही. बुंध्यावर किंवा उघड्या मुळांवर भूछत्रे वा लाकडासारखी कठीण बुरशीची कंगणी आलेली असेल, तर आतील लाकूड कुजत असल्याची ती जवळजवळ निश्चित खूण आहे.

खोड पोकळ आहे किंवा नाही, हे लाकडी मोगरीने ठोकून बऱ्याच अंशी कळते. भरीव खोडाचा आवाज बद्द व आखूड येतो, पोकळ खोड ढोलासारखे वाजते. मात्र पोकळी आढळली म्हणजे झाड मरणार किंवा पडणार, असा निष्कर्ष काढू नये. झाडाचा जिवंत भाग सालीलगत असतो. जुन्या चिंचा व वड आतून पोकळ असूनही भक्कम उभे असतात. पोकळीभोवती उरलेली भरीव लाकडाची भिंत खोडाच्या त्रिज्येच्या एक-तृतीयांशाहून कमी जाड असेल, तर मोडण्याचा धोका वाढतो, असा ठोकताळा या विषयातील जाणकार वापरतात. म्हणजे ३ फूट व्यासाच्या खोडात ६ इंच जाडीची निरोगी भिंत सर्व बाजूंनी हवी. ढोलीत सिमेंट भरण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. अमेरिकेत जॉन डेव्ही यांच्या १९०१ सालच्या ‘द ट्री डॉक्टर’ या पुस्तकानंतर झाडांवरील शस्त्रक्रियेचा व्यवसाय फोफावला, आणि त्या काळात ढोल्या सिमेंटने बुजविणे हे मोठे उपचार मानले जात. पुढील अनुभव असा की, झाड वाऱ्याने हलते, सिमेंट हलत नाही. दोहोंच्या मध्ये फट पडून पाणी साचते आणि कुजणे वाढते.

शेवटी वर पाहावे. दोन मोठ्या फांद्या जेथे फुटतात तो बेचका रुंद असेल तर तो मजबूत असतो. तो अरुंद असून त्यात साल आत दबलेली दिसत असेल, तर ती जागा वादळात उभी चिरते. गुलमोहर, सुबाभूळ व शेवगा यांचे लाकूड ठिसूळ असते. ही झाडे पत्र्यावर झुकू देऊ नयेत. आंब्याची वाळलेली मोठी फांदी वारा नसतानाही गळून पडते.

एवढ्या पाहणीनंतर पुष्कळ वेळा असे आढळते की, धोका झाडाचा नसून दोन-तीन फांद्यांचा आहे. अशा वेळी त्या फांद्याच काढाव्यात. विशेषतः मोह व आंबा यांच्या बाबतीत घाई करू नये. अक्राणी तालुक्यातील अनेक कुटुंबांना मोहाची फुले व बियांचे तेल आणि कच्च्या आंब्याचा आमचूर यांपासून दरसाल रोख उत्पन्न मिळते. झाडाचे लाकूड एकदाच विकले जाते. मात्र फांद्या काढावयाच्या म्हणजे शेंडाच उडवून झाड ठोंबासारखे करावयाचे नव्हे. शेंडा उडविलेल्या झाडास जखमेच्या कडेने झुडपासारखे दाट फुटवे येतात. ते वरवर चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांत जड होऊन तेच घरावर पडतात. ‘छाटणी केल्याने झाड सुरक्षित झाले’ हे समाधान अशा ठिकाणी खोटे असते.

परवानगी

झाड आपल्या अंगणातील असले तरी ते आपल्या मर्जीने तोडता येतेच असे नाही. खेड्यांतील झाडांस महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, फणस, साग, खैर, हिरडा, ऐन, बिजा, तिवस, अंजन, चंदन इत्यादी झाडे त्याच्या अनुसूचीत असून ती तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. आपल्या गावासाठी हा अधिकारी कोण, हे तहसील कार्यालयात किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात कळते. नंदुरबार, शहादा, तळोदा व नवापूर या नगरपरिषदांच्या हद्दीत नागरी क्षेत्रांतील झाडांसाठीचा १९७५ चा अधिनियम लागू असून तेथे अर्ज नगरपरिषदेकडे करावा लागतो. २०२१ च्या सुधारणेने या नागरी कायद्यात ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांस ‘हेरिटेज’ म्हणजे वारसा वृक्ष मानून त्यांना अधिक संरक्षण दिले आहे.

अनुसूचित जमातीच्या खातेदाराच्या जमिनीवरील झाडांच्या विक्रीस १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. खातेदाराच्या अडचणीचा फायदा घेऊन व्यापाऱ्यांनी सागाची व मोहाची झाडे कवडीमोलाने उचलू नयेत, हा अशा तरतुदींचा हेतू आहे. ‘कागदाचे आम्ही पाहून घेऊ’ असे म्हणणाऱ्या लाकूड व्यापाऱ्यास कोऱ्या कागदावर सही वा अंगठा मुळीच देऊ नये; गुन्हा नोंदला गेला तर तो झाडाच्या मालकास टळत नाही. लाकूड गावाबाहेर न्यावयाचे असल्यास वाहतूक परवान्याचीही चौकशी वनपालाकडे आधी करावी.

अर्जासोबत सातबारा किंवा घराचा उतारा, झाडाचा प्रकार, घेर, घरापासूनचे अंतर आणि धोक्याचे कारण द्यावे. कललेले खोड, जमिनीची भेग व बुरशी यांची छायाचित्रे मोबाइलवर काढून जोडल्यास पाहणीस येणाऱ्या अधिकाऱ्यास निर्णय करणे सोपे जाते. झाड हद्दीवर असेल तर शेजाऱ्याची संमती लेखी घ्यावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी शेतकऱ्यास अर्ज लिहून देण्यापुरती जरी मदत केली, तरी चोरून व घाईने होणारी तोड पुष्कळ कमी होईल. आणि रात्री, घाईने, चोरून पाडलेले झाडच माणसाच्या अंगावर पडते.

काम कोणास द्यावे

शेतातील मोकळे झाड पाडणे आणि घरावर झुकलेले झाड उतरविणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. मोकळ्या झाडास पडण्याच्या बाजूने खाच घेऊन, मागून कापून, आडवे करता येते. घराजवळ तेवढी जागा नसते. तेथे कारागिराने दोराने स्वतःस बांधून वर जावे, फांद्या वरून खाली तुकड्यातुकड्यांनी कापाव्यात, प्रत्येक जड तुकडा दोराला बांधून सावकाश सोडावा आणि शेवटी उघडे खोडही हात-दोन हातांच्या ओंडक्यांनी कमी करीत आणावे. इंग्लंड-अमेरिकेत हा स्वतंत्र शिकण्याचा धंदा आहे, आणि आपल्याकडील मोठ्या शहरांतही असे काम करणारे प्रशिक्षित लोक आता आहेत. खेड्यात तसा माणूस मिळणे कठीण. सातपुड्यातील तरुण मोहावर आणि आंब्यावर सहज चढतात; परंतु झाडावर चढता येणे म्हणजे झाड उतरविता येणे नव्हे. चढणाऱ्यास फांदीचे वजन आणि दोराचे बळ यांचा अंदाज हवा.

वजनाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतो येतो. १ फूट व्यासाचा व १० फूट लांबीचा ओला ओंडका सुमारे २ क्विंटल भरतो. हाच ओंडका चार-पाच फूट खाली घसरून दोराला हिसका देतो, तेव्हा दोरावर येणारा ताण त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो. विहिरीचा जुना नाडा किंवा बैलगाडीचा दोर येथे तुटतो, आणि ओंडका पत्रा फोडून घरात येतो.

यावरून काम देण्यापूर्वी काय विचारावे हे स्पष्ट होईल. पूर्वी घराजवळची कोणती झाडे उतरविली, ती कोणत्या गावी, हे विचारून त्या घरमालकांकडे स्वतः चौकशी करावी. चढणाऱ्यासाठी कमरेचा व मांड्यांचा पट्टा, शिरस्त्राण, चांगला नायलॉनचा दोर ही साधने प्रत्यक्ष पाहावीत; ‘आहेत’ एवढ्यावर भागवू नये. शिडीवर उभे राहून यांत्रिक करवत चालविणारा किंवा ती एका हाताने धरणारा माणूस कितीही धीट असला तरी नाकारावा. दारू पिऊन आलेल्यास त्या दिवशी परत पाठवावे, मग काम राहिले तरी चालेल. ‘कोणता तुकडा कोठे पडेल?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा. जाणता कारागीर झाडाभोवती दोनदा फिरून, वर पाहून मग उत्तर देतो. लगेच कुऱ्हाड उचलणाऱ्यापासून सावध राहावे.

ठराव साध्या कागदावर लिहावा. किती काम, म्हणजे फक्त फांद्या, की पूर्ण झाड, की खुंटासह. पाला-पाचोळा कोण उचलणार. पत्रा, भिंत वा तार यांचे नुकसान झाल्यास भरपाई कोण देणार. मजुरी किती आणि केव्हा, एवढे त्यात असावे. सर्व मजुरी आगाऊ देऊ नये. मजुरांच्या विम्याची चौकशी हा प्रकार खेड्यात नवा वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदारास वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. झाडावर चढणाऱ्या माणसाच्या खात्यातून ते २० रुपये कापले गेले आहेत की नाहीत, एवढे तरी आधी पाहावे.

कामाचा दिवस

विजेची तार जवळ असेल तर महावितरणच्या कार्यालयास आधी कळवून पुरवठा बंद करून घ्यावा आणि तो बंद झाल्याची खात्री लाइनमनकडून करून घ्यावी. कोणीही परस्पर फ्यूज काढू नये वा आकडीने तार बाजूस ओढू नये. ओली फांदी विजेस वाट देते. वारा असेल त्या दिवशी व पावसाने साल निसरडी झाली असता काम करू नये. मोठ्या चिंचेवर वा वडावर आग्या मोहोळ आहे काय, हे आदल्या दिवशीच नीट पाहावे. करवतीच्या आवाजाने माशा उठल्यास वर बांधलेल्या माणसास पळता येत नाही. ढोलीत सापही असतो. घर रिकामे करावे, गुरे हलवावीत आणि लहान मुलांची सोय दुसऱ्या आळीत करावी. गावात झाड पडताना पाहण्यास गर्दी होते. झाड आडवे पाडावयाचे असेल तर त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात काम करणाऱ्यांवाचून कोणीही थांबू नये.

जाड फांदी एकाच कापाने वरून कापली तर ती मोडताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते आणि बहुधा कापणाऱ्याकडेच झुलते. म्हणून प्रथम खोडापासून हातभर अंतरावर फांदीच्या खालच्या अंगाने पाव जाडीपर्यंत काप घ्यावा. त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदी पाडावी. मग उरलेला खुंट वेगळा काढावा. झाड ठेवावयाचे असेल, तर हा शेवटचा काप खोडाला अगदी घासून घेऊ नये. फांदीच्या बुडाशी सालीचा जो फुगीर कडा दिसतो त्याच्या लगेच बाहेर तो घ्यावा. अमेरिकन वनखात्यातील वृक्षरोगशास्त्रज्ञ डॉ. अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे चिरून दाखवून दिले की, झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही; झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत घालून त्यास कोंडून टाकते, आणि ही भिंत फांदीच्या बुडाशी असलेल्या त्या फुगीर भागात सर्वांत बळकट असते. तो भाग कापला की कूज खोडात उतरण्यास वाट मोकळी होते. जखमेवर डांबर किंवा रंग लावल्याने कूज थांबत नाही, असेही त्यांच्या व नंतरच्या अभ्यासांत आढळले.

दोर बांधून दहा-बारा जणांनी झाड आपल्याकडे ओढण्याची आपल्याकडील रीत सर्वांत घातक आहे. दोर झाडाच्या उंचीहून आखूड असतो आणि झाड ओढणाऱ्यांच्याच अंगावर येते. ट्रॅक्टरने ओढताना दोर तुटला तर तो चाबकासारखा मागे येतो. जेसीबीने खोड ढकलताना वरील वाळकी फांदी हिसक्याने मोडून चालकाच्या डोक्यावर पडते. यंत्र असले म्हणजे धोका गेला असे होत नाही. उघडे, फांद्या काढलेले खोड मोकळ्या बाजूस पाडण्यास यंत्राची मदत जरूर घ्यावी, पण तोवरचे काम हातानेच व्हावयास हवे.

खुंट आणि काळी जमीन

झाड उतरल्यानंतर एक अडचण उरते, तिचा विचार सहसा कोणी करीत नाही. तापीखोऱ्यातील भारी काळी जमीन पाण्याने फुगते व वाळली की आकसते. मोठे झाड वर्षानुवर्षे भिंतीजवळच्या जमिनीतील पाणी ओढून ती कोरडी ठेवीत असते आणि घराचा पाया त्या कोरड्या जमिनीवर बसलेला असतो. झाड गेले की ते पाणी जमिनीतच राहते. पुढील एक-दोन पावसाळ्यांत माती फुगून पाया उचलला जातो, आणि झाड असताना न पडलेले तडे झाड गेल्यावर पडतात. घर झाडाच्या मागाहून बांधलेले असेल तेथे हा संभव विशेष असतो. अशा ठिकाणी काम काढण्यापूर्वी पंचायत समितीच्या बांधकाम शाखेतील अभियंत्याचा सल्ला घ्यावा, आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर नेणारी गटार पावसाळ्यापूर्वी करून घ्यावी. सातपुड्यातील मुरमाड जमिनीत ही भीती फारशी नाही.

खुंट उपटण्याचा अट्टहास घराजवळ करू नये. मुळे पायाखाली गेलेली असल्यास यंत्राच्या हिसक्याने भिंत हलते. खुंट जमिनीबरोबर कापावा आणि येणारे फुटवे दर महिन्यास मोडीत राहावे. कडुनिंब, जांभूळ व चिंच यांना ते पुन्हा पुन्हा येतात, आणि दोन-तीन वर्षांत मुळांतील साठा संपून ते थांबतात. घराशेजारी खुंट जाळू नये, कारण आग मुळांच्या वाटेने दिवसेंदिवस धुमसत राहते. कापलेले लाकूड व साल भिंतीला टेकवून रचल्यास वाळवी तेथून दारांच्या चौकटीत शिरते, म्हणून ढीग घरापासून दूर, दगडांवर रचावा. त्याच पावसाळ्यात नवे रोप लावावयाचे असल्यास आंबा, चिंच व मोह यांसाठी भिंतीपासून निदान ३० फूट अंतर सोडावे. तेवढे अंगण नसेल तर सीताफळ, लिंबू किंवा कढीपत्ता लावावा.